दर पावसाळ्यात तीच खिडकी अडते, तीच खिडकी गळते: आधी काय तपासायचं?

घरात एखादी खिडकी अशी असतेच, जी दरवर्षी नडते. बाकीच्या निमूटपणे उघडतात, मिटतात. हिला मात्र पाऊस लागला की खांद्याने रेटावं लागतं, नाहीतर हिच्या खालच्या भिंतीवर ओलीचा तोच डाग त्याच जागी पुन्हा उमटतो. आपण दरवर्षी काहीतरी करतो. रंधा मारतो, सिलिकॉनची एक नळी रिकामी करतो, तेल सोडतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घरातल्या आणि नातेवाइकांकडच्या खिडक्या मी गेली बरीच वर्षं स्वतःच दुरुस्त करतोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: खिडकी जिथे नडते तिथे बिघाड बहुतेक वेळा नसतो. झडप घासते खालच्या कोपऱ्यात आणि सुटलेली असते वरची बिजागरी. पाणी दिसतं फरशीवर आणि शिरलेलं असतं हातभर वरून. दिसतं तिथे मलमपट्टी केली की दुखणं परत येणारच. म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा तपासणीबद्दल जास्त लिहितोय. कारण सापडलं की पुढचं काम बहुतेक वेळा तासाभराचं असतं.

लाकडी झडप अडते

झडप नेमकी कुठे घासते, हे आधी खुणेने ठरवा. झडपेच्या कडांना खडू फासा, जमेल तितकी मिटा आणि उघडा. चौकटीवर खडू उमटला ती जागा. खडू नसेल तर जाड कागदाची पट्टी फटीत घालून चारी बाजूंनी फिरवा. कागद अडेल तिथे फट संपलेली आहे.

या एका खुणेवरून दोन वेगळी दुखणी ओळखता येतात. लाकूड ओलीने फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. झडपेच्या उभ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत अखंड असतात, त्यामुळे पावसात झडपेची उंची बदलत नाही म्हटलं तरी चालेल. बदलते रुंदी. प्रत्येकी ८० मिलिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या म्हणजे १६० मिलिमीटर आडवं लाकूड. त्यातली ओल ६ टक्क्यांनी वाढली तर लाकडाच्या जातीप्रमाणे आणि चिराईप्रमाणे झडप दीड ते अडीच मिलिमीटर रुंद होते. सुताराने ठेवलेली फटच मुळात दोन-तीन मिलिमीटरची. ती संपली की झडप अडली.

तेव्हा उभ्या कडेला लांबवर घासत असेल, तर ओल. बिजागऱ्यांच्या समोरच्या बाजूला, एकाच खालच्या कोपऱ्यात घासत असेल, तर झडप लोंबली आहे. खात्री करायला बिजागरीकडची फट बघा. ती वर रुंद आणि खाली चिंचोळी दिसली तर वरची बिजागरी सुटत चाललीय. झडप अर्धी उघडून मोकळी कड दोन्ही हातांनी किंचित वर उचला. वरच्या बिजागरीपाशी हालचाल दिसेल, कधी कुरकुर ऐकू येईल.

लोंबलेल्या झडपेला रंधा लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोपरा कापला जातो, झडप काही दिवस मिटते, स्क्रू आणखी सुटतात, झडप आणखी खाली येते आणि पुन्हा घासते. असे दोन-तीन फेरे झाले की चांगली झडप तिरकी होऊन बसते आणि मग ती बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

करायचं ते सोपं आहे. झडपेखाली पाचर ठोकून तिला मूळ उंचीवर आणा आणि वजन पाचरीवर येऊ द्या. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू काढा. एका वेळी एकच. स्क्रू भोकात नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठं झालंय. लाकडाच्या किंवा बांबूच्या बारीक काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून त्यात ठासून बसवा, बाहेर आलेली टोकं कापा आणि रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी मधोमध बारीक ड्रिल मारून तोच स्क्रू कसा. गोंद न लावता नुसत्या काड्या कोंबल्या तर काही महिन्यांत पुन्हा सैल होतं, हे दोनदा अनुभवलंय. आतलं लाकूड शाबूत असेल तर १०-१५ मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रूही पुरतो. जाडी मात्र तीच ठेवा. जाड स्क्रूचं डोकं बिजागरीच्या खळग्यात पूर्ण बसत नाही आणि झडप मिटताना तेच डोकं आडवं येतं.

आता ओलीचं. आमच्या मागच्या खोलीतल्या खिडकीला मी सलग दोन पावसाळे रंधा मारला. पहिल्या वर्षी झडप छान मिटायला लागली. उन्हाळा आला तशी फट एवढी वाढली की वाऱ्याने खडखडायची, रात्री पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवावी लागायची. आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालचा वीतभर भाग तरीही अडलाच. तिसऱ्या वर्षी एका वयस्कर सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी पिशवीतून रंधा काढलाच नाही. झडप उघडली, तिच्या खालच्या कडेखाली हात फिरवला आणि मग माझं मनगट धरून माझा हात तिथे लावला. वरून गुळगुळीत रंगवलेली झडप, आणि खालची कड खरखरीत, उघडी, बोटाला गार आणि ओलसर.

“इथं रंग कधी लागलाच नाही बघा,” काका म्हणाले. “वरनं कितीबी हात मारा, ही तळातनं पाणी पिते.”

लाकडाच्या आतली रचना बारीक नळ्यांच्या जुडीसारखी असते. उभ्या पट्टीचं खालचं टोक म्हणजे त्या नळ्यांची उघडी तोंडं. तिथून पाणी जितक्या वेगाने वर चढतं, तितकं ते पट्टीच्या सपाट बाजूने कधीच शिरत नाही. झडपेवरून ओघळलेला पाऊस नेमका या खालच्या कडेला येऊन थेंबाथेंबाने लटकून राहतो. रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही, कारण झडप काढल्याशिवाय ती कड दिसतच नाही. खालची टोकं अशी तुडुंब भिजली की फुगवटा वर सांगितलेल्या दीड-अडीच मिलिमीटरच्या हिशोबात राहत नाही. म्हणून आमची झडप फक्त खाली अडत होती. शिवाय दरवेळी रंधा मारून मी कडेचा उरलासुरला रंगही काढून टाकत होतो आणि ते उघडं लाकूड पुढच्या पावसाच्या स्वाधीन करत होतो.

मग त्याच वर्षी पाऊस सरल्यावर झडप काढली, महिनाभर सावलीत उभी करून सुकवली, खालची आणि वरची कड सँडपेपरने घासली, प्रायमर दिला. पहिला हात लाकडाने अक्षरशः शोषून घेतला, तासाभरात पृष्ठभाग पुन्हा कोरडा दिसायला लागला. प्रायमरचा दुसरा हात, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. त्यानंतरचे पावसाळे ती झडप एका बोटाने मिटते आहे.

रंधा मारायचाच असेल तर तो कोरड्या दिवसांत, झडप पूर्ण सुकल्यावर फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी आढळली तरच. आणि ज्या दिवशी रंधा, त्याच दिवशी त्या कडेला प्रायमर. भर पावसात अडली असेल तर घासणाऱ्या जागी मेणबत्ती रगडा आणि दिवस काढा. धाडकन आपटून मिटू नका. कोपऱ्यातले चूल-सांधे, म्हणजे पट्ट्या एकमेकींत खोचून केलेले जोड, उघडतात आणि मग झडपच खिळखिळी होते.

एक वेगळी अडचण म्हणजे रंगकामानंतर न उघडणारी खिडकी. तिथे झडप आणि चौकट रंगानेच एकमेकांना चिकटलेली असतात. धारदार सुरीने जोडरेषेवर रंग कापत जा, लाकडी ठोकळा धरून कडेकडेने हळू ठोका. पेचकस खुपसून उचकटलं की लाकडाची कड कायमची फुटते. घर जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला: कोरडं घासू नका, ओलं करून घासा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

स्लायडिंग खिडकी जड चालते

जड चालायला लागली की पहिल्यांदा ट्रॅकमध्ये तेल सोडलं जातं. दोन दिवस झकास. मग त्या तेलावर धूळ बसते, तिची काळी चिकट पेस्ट होते आणि खिडकी पहिल्यापेक्षा जड होते. गंजलेला स्क्रू सोडवायला सगळीकडे वापरला जाणारा डब्ल्यूडी-४० स्प्रेही कायमचं वंगण म्हणून इथे मारू नका. त्याच्या नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच पाणी हटवणं असा आहे. १९५३ मध्ये चाळिसाव्या प्रयत्नात तो जमला म्हणून ४०. गंज सोडवायला तो उत्तम, पण ट्रॅकमध्ये त्याचा ओलसर थर धूळ धरून ठेवतो.

ट्रॅक आधी कोरड्या ब्रशने, मग जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्याने घासा, पुसून पूर्ण कोरडा करा. त्यानंतर वाळल्यावर कोरडा राहणारा सिलिकॉन स्प्रे, किंवा साधी मेणबत्ती. निम्म्या खिडक्या एवढ्यावर सुधारतात.

तरीही जड असेल तर खालची चाकं बघावी लागतात. त्यासाठी शटर, म्हणजे काचेचा सरकता भाग, काढायचं: आतल्या बाजूचं शटर आधी, वर उचलून वरच्या ट्रॅकमध्ये आत ढकलायचं आणि खालची बाजू आपल्याकडे ओढून बाहेर घ्यायचं. वरच्या ट्रॅकमध्ये शटर उचललं जाऊ नये म्हणून बसवलेला छोटा अडथळा असेल तर आधी त्याचा स्क्रू काढा. हे काम एकट्याने करू नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो असतं. म्हणजे एक मीटर बाय एक मीटरची ५ मिलिमीटर काच साडेबारा किलोंची, फ्रेम वेगळी. आणि वरच्या मजल्यावर बाहेरच्या ट्रॅकमधलं शटर काढायची वेळ आली तर ते काम कारागिराकडेच द्या. निसटलेलं शटर खाली कुणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाही.

शटर आडवं ठेवून चाक नखाने फिरवून बघा. मोकळं फिरलं पाहिजे. आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ते चिमट्याने काढले की पुष्कळदा चाक वाचतं. एका बाजूला झिजून सपाट झालं असेल तर मात्र बदला, दोन्ही एकदम, आणि जुनं चाक सोबत नेऊन त्याच व्यासाचं, त्याच खाचेचं घ्या. एकच नवं बसवलं की शटर तिरकं चालतं.

शटरच्या कडेला अगदी खाली एक छोटं भोक असतं, कधी प्लॅस्टिकच्या बुचाखाली लपलेलं. आत चाक वर-खाली करायचा स्क्रू असतो. लॉक लागत नसेल तर लॉक बदलण्याआधी हा स्क्रू बघा. शटर मिटत आणा आणि चौकटीपासूनची उभी फट वर आणि खाली सारखी दिसते का पाहा. स्क्रू फिरवून चाकं खाली-वर करत फट एकसारखी केली की लॉकची जीभ बरेचदा आपोआप खाचेत बसते. चांगली लॉकं या कारणाने फुकट बदलली जातात.

ट्रॅकमध्ये पाणी साचून घरात येतं

हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणं हा बिघाड नाही. ती बनवलीच तशी जाते. सरकती खिडकी पूर्ण बंदिस्त करता येत नाही, म्हणून पाणी ट्रॅकमध्ये पडू द्यायचं आणि तिथून बाहेर काढायचं, अशी तिची योजना असते. त्यासाठी चौकटीच्या खालच्या भागात बाहेरच्या अंगाला बारीक भोकं किंवा लांबट खाचा असतात. ती मोकळी असतील तर पाणी येतं तसं निघून जातं. बुजली तर ट्रॅक भरतो आणि आतल्या बाजूने सांडतो.

तपासायला एक पेला पाणी पुरतं. कोरड्या दिवशी ट्रॅकमध्ये हळूहळू ओता आणि बाहेर भिंतीवर ओघळ उतरतो का पाहा. पाणी तसंच थांबलं तर भोकं बंद आहेत. पातळ तार आतून-बाहेरून घालून साफ करा. ट्रॅक दुहेरी असेल तर आतल्या ट्रॅकमधलं पाणी बाहेरच्या ट्रॅकमध्ये जायलाही मधे भोकं असतात. ती विसरली जातात आणि बाहेरची साफ करूनही आतला ट्रॅक तुंबलेलाच राहतो.

मावशीकडे गेल्यावर मी हेच बघितलं. खिडकीखालचा सोफा दरवर्षी भिजायचा आणि दरवर्षी चौकटीभोवती सिलिकॉनचा आणखी एक थर चढायचा. बाहेरून पाहिलं तर चौकटीची खालची पट्टी एकसारखी सपाट, कुठे भोक नाही. बोट फिरवल्यावर दोन ठिकाणी किंचित खळगे लागले. इमारत रंगवताना भोकं ‘उगाच पडलेली’ समजून कुणीतरी लांबीने, म्हणजे पुटीने, भरून वरून रंग मारला होता. खिळ्याने टोकरल्यावर पहिल्या भोकातून गढूळ पाण्याची धार सुटली, वाटीभर तरी असेल, महिन्यापूर्वीच्या पावसाचं. गळती बंद करायला लावलेल्या सिलिकॉनने पाणी बाहेर जायची उरलीसुरली फटही बंद केली होती. ही भोकं कधीही, कुठल्याही कारणाने बुजवू नका. किडे येत असतील तर त्यांच्यावर बसवायची झाकणं मिळतात. पाण्याला वाट ठेवून ती किडे अडवतात.

आता भोकं मोकळी आहेत, पेल्याचं पाणी लगेच बाहेर जातं, तरी वादळी पावसात ट्रॅकमधून पाणी उसळून आत येतं, असंही होतं. इथे कारण वारा आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे सेकंदाला २० मीटर, समोरच्या भिंतीवर आणि काचेवर साधारण २४० पास्कल दाब टाकतो. हा दाब सुमारे २४ मिलिमीटर उंच पाण्याला तोलून धरतो. म्हणजे बाहेरून वारा तेवढा दाबत असताना ट्रॅकमधलं पाणी बाहेर पडायच्या ऐवजी जवळपास अडीच सेंटीमीटर वर चढून उभं राहू शकतं. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी घरात सांडणार. भोकातून बुडबुडे येताना दिसले तर हेच चाललंय असं समजा.

पण हा दाबाचा फरक पाण्यावर येतो तो खोलीतली हवा ट्रॅकपर्यंत मोकळेपणाने पोचते म्हणून. शटरच्या आतल्या कडेची रबरपट्टी आणि केसाळ ब्रशपट्टी शाबूत असेल तर ट्रॅकमधली हवा बाहेरच्या हवेइतक्याच दाबाखाली राहते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली निघून जातं. ब्रशपट्टी झिजून टक्कल पडलेली असेल तर वारा भोकातून आत घुसतो आणि पाण्याला सोबत घेऊन येतो. वादळात गळणाऱ्या खिडकीचा इलाज आतल्या बाजूच्या पट्टीत असतो, तो असा. पाऊस नसताना शटर मिटून आतल्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर जिथे आडवा पळेल तिथली पट्टी गेली. जुनी पट्टी खाचेतून ओढून काढायची, त्याच रुंदीची आणि तेवढ्याच उंच केसांची नवी सरकवायची. उंची चुकली तर एकतर वारा येतो, नाहीतर शटर जड होतं. दोन शटर मधोमध जिथे एकमेकांत अडकतात, तिथली पट्टी सगळ्यात आधी जाते. सुरुवात तिथून करा.

खिडकीभोवतीची भिंत ओली होते

इथे अंदाजाने सिलिकॉन मारत सुटू नका. पाणी कुठून शिरतं ते पाइपने शोधा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. नळीची साधी धार, जोर न लावता, आधी फक्त सिलवर, म्हणजे खिडकीच्या तळाच्या बाहेर आलेल्या पट्टीवर, पाच-दहा मिनिटं. आत काही दिसलं नाही तर चौकटीचे खालचे कोपरे, मग उभ्या बाजू, मग वरची आडवी बाजू, शेवटी छज्जा. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठल्या फटीने ते आत घेतलं हे कळतच नाही. दर टप्प्याला थांबायचं धैर्य ठेवा. भिंतीतून वाट काढत यायला पाण्याला वेळ लागतो.

पाणी लागत असताना सिल आणि छज्जा यांचीही पाहणी करा. सिलला बाहेरच्या बाजूला उतार हवा. त्यावर पाणी थांबून चौकटीकडे परतत असेल तर कितीही सीलंट भरा, टिकणार नाही. उतार नव्याने करून घ्यावा लागेल. छज्जाच्या आणि सिलच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच असते. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं. गिलावा किंवा रंग करताना ती भरून गेली की पाणी तळाशी चिकटून सरळ भिंतीपर्यंत सरपटत जातं. ही बोटभर खाच पुन्हा मोकळी करणं हे कितीतरी सिलिकॉन-नळ्यांपेक्षा जास्त कामाचं आहे.

फट चौकट आणि भिंत यांच्यामध्येच सापडली, तर सीलंट. ते दरवर्षी का सुटतं याची कारणं ठरलेली आहेत. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर धरत नाही, म्हणून जुनं सुरीने पूर्ण खरवडून काढलं पाहिजे. फटीत धूळ किंवा ओल असेल तर ते भिंतीला चिकटत नाही, धुळीला चिकटतं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन काचेला चांगलं, पण सिमेंटच्या गिलाव्यावर नीट धरत नाही. भिंतीसाठी न्यूट्रल प्रकारचं मागा. त्यावरही रंग बसत नाही, तेव्हा वरून रंगवायचं असेल तर रंग धरणारं सीलंट घ्या. आणि खोल फट काठोकाठ सीलंटने भरू नका. आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा, तिच्यावर सीलंटचा थर द्या, खोली रुंदीच्या साधारण निम्मी. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटलेलं असलं की उन्हापावसात चौकट हलली तरी ते रबरासारखं ताणतं. तळालाही चिकटलं की ताणायला जागा राहत नाही आणि फाटतं. सिलिकॉन वरून आत असं सुकत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. हाताला कोरडं लागलं म्हणून त्याच संध्याकाळी पाणी मारून बघू नका.

ओल खरंच बाहेरून येते की खोलीतलीच वाफ गार भिंतीवर जमते, अशी शंका असेल तर डाग पुसून कोरडा करा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. फॉइलच्या मागे ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर खोलीत हवा खेळत नाहीये. काचेवरच्या घामाचंही तसंच: खोलीत २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर काच १७ अंशांच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरणार, त्यात खिडकीचा दोष नाही. दुहेरी काचेच्या मधे मात्र धुकं दिसलं आणि ते आतून-बाहेरून कुठूनच पुसलं जात नसेल, तर कडेचं सील गेलंय. त्यावर औषध नाही. पण अख्खी खिडकी बदलायची गरज नसते. त्याच चौकटीत काचेचा जोड तेवढा नवा बसवता येतो.

काच खडखडते, कडी बसत नाही, जाळी सुटते

काच खडखडत असेल तर रबराचे कोपरे बघा. ताणून बसवलेलं रबर हळूहळू आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. नवं बसवताना ते ओढायचं नाही. मापापेक्षा किंचित लांब कापून, आधी टोकं आणि मग मधला भाग दाबत बसवायचं. लाकडी खिडकीत जुनी लांबी तडकून सुटली असेल तर सगळी काढा, लाकडाला प्रायमर द्या, मग नवी भरा. लाकूड कोरडं राहिलं तर ते लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी पुन्हा तडकते. आठ-पंधरा दिवसांनी वर साय धरल्यावर रंग द्या, आणि तो रंग काचेवर दोन मिलिमीटर पुढे येऊ द्या. ती बारीक रेघच काच आणि लांबी यांच्यामधून उतरणारं पाणी अडवते.

कडी खाचेच्या वर किंवा खाली लागत असेल तर खाच कानशीने मोठी करण्याआधी झडप लोंबली नाही ना, ते पाहा. लोखंडी खिडकीत गंजाची पापुद्री काचेखाली वाढली तर ती जागा मागते आणि काचेला तडा जातो. अशा वेळी नुसती काच बदलली तर नवीही फुटेल. गंज तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत काढा, प्रायमर लावा, मग काच. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू वापरू नका, स्टेनलेस वापरा. जाळी बसवताना ती खूप ताणू नका, नाहीतर चौकटच मधे आत वाकते.

शेवटी, लाकडी चौकटीचे खालचे दोन कोपरे वर्षातून एकदा पेचकसाच्या टोकाने दाबून बघत जा. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सहसा कुजत नाही, पण या दोन कोपऱ्यांत पाणी सगळ्यात जास्त वेळ थांबतं. टोक सहज पाच मिलिमीटर आत गेलं तर रंग कितीही चकचकीत असला तरी आतलं लाकूड संपलंय. तेवढा भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून त्याच जातीचा, त्याच दिशेच्या रेषांचा तुकडा जोडून घ्या, आणि जोडण्याआधी त्या तुकड्याच्या कापलेल्या तोंडाला प्रायमर लावायला सुताराला आठवणीने सांगा. तो भाग नंतर कधीच हाताशी येत नाही.